माझा नंबर

स्टॉकपोर्ट, २ मे २०२४, गुरुवार

मत देऊन आले. सकाळचं ते अजून डोक्यातून जात नाही, आणि गोष्ट इतकी फालतू आहे की नवऱ्याला सांगायचीही लाज वाटली.

चर्चच्या हॉलबाहेर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. कोटावर पक्षाचं रिबिनीचं फूल, मांडीवर कागद. येईल त्याला पोल कार्डावरचा, म्हणजे मतदानाआधी घरी येतं त्या कार्डावरचा, नंबर विचारायचे. माझ्या पुढच्या बाईला विचारला, मागच्या पोराला विचारला. मी कार्ड दिसेल असं धरून मुद्दाम हळू चालले, तर ते बुटाची नाडी बघत बसले.

एवढंच.

आत सगळं नीट झालं. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालला. दोन मतपत्रिका: एक ग्रेटर मँचेस्टरच्या महापौराची, एक वॉर्डाची. दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली मारायची. बाहेर आल्यावर सवयीने डावं बोट पाहिलं. कोरं. मी मत दिलं याचा पुरावा ना बोटावर, ना आजोबांच्या कागदावर.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, ६३ जागा, त्यातल्या २१ यंदा. मागच्या वर्षी हद्दी बदलल्या म्हणून सगळ्या एकदम झाल्या. आता पुन्हा वॉर्डातला एकेक. त्या एका जागेसाठी मी कचऱ्याच्या डब्यांपासून खड्ड्यांपर्यंतची सगळी पत्रकं वाचली होती. कोण वाचतं? पण मी मतदार वाटतच नसेन, तर...

पुण्यात बूथबाहेर टेबल टाकून बसलेले लांबूनच "या वहिनी" म्हणायचे आणि यादीत नाव शोधून द्यायचे. तेव्हा त्यांचा वैताग यायचा.

आईला फोन केला. "नंबर कशाला हवा त्याला? कुणाला देऊ नकोस." मग म्हणाली, "आमचं लोकसभेचं १३ला. महापालिकेचं विचारूच नकोस." २०२२च्या मार्चमध्ये मुदत संपली, तेव्हापासून नगरसेवकच नाहीत. आणि मी इथे एका नाडीवरून...

थांब, बेल वाजली.

पावणेनऊ. दारात तेच फूल, पण माणूस दुसरा, तरुण, दमलेला. "तुमचं मतदान राहिलंय. दहापर्यंत वेळ आहे हं!"

म्हणजे नंबर त्यासाठी असतात! मत देऊन गेलेल्यांची नावं आपल्या यादीतून कापायची आणि उरलेल्यांची दारं वाजवायची. माझा नंबर कुणी घेतला नाही, म्हणून मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या यादीत तशीच. एप्रिलमध्ये हे लोक दारावर आले होते तेव्हा मी बोलणं आवरावं म्हणून नुसती मान हलवली होती. ती त्यांनी होकारात धरली असणार. मत मी कुणाला दिलं ते इथेही लिहिणार नाही, पण त्याला बिचाऱ्याला उगाच पायपीट.

"सकाळीच देऊन आले," म्हटलं.

"नक्की?"

आणि मी काय करावं? डावं बोट वर करून दाखवलं. तो त्या बोटाकडे बघतच राहिला.