अ‍ॅपला न सांगितलेला चिवडा

दोन वर्षं माझं असं चाललेलं की आधी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये कॅलरीचा आकडा टाकायचा आणि मग घास तोंडात. सकाळी सुशीला केली तरी माझ्या प्लेटमधले शेंगदाणे वेचून बाजूला, आता सुशीलातले शेंगदाणे काढले तर उरतं काय, ओले मुरमुरे! आणि रात्री साडेअकराला, किचनचा लाइट न लावता, उभ्याउभ्या चिवडा, मूठ मूठ, झाकण वाजू नये म्हणून पदर धरून. ते मात्र अ‍ॅपला कधी सांगितलं नाही.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, औशाकडं आत्याच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली आणि ताटात भज्जी पडली. आमच्या लातूर-धाराशिवकडची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे हां, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच, डाळीचं पीठ, सगळं एकाच पातेल्यात शिजलेलं, सोबत उंडे आणि गार आंबील. अ‍ॅपमध्ये टाकलं तर कांदाभजी दाखवतंय, प्रति नग!

आत्याच्या सासूबाई बघत होत्या. म्हणल्या, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो, तवा लाल मिलोची भाकर आन् सुकडी. तवा मोजून खायचो, नव्हतंच म्हणून. तुला गं काय झालंय मोजायला?"

काय सांगणार. फोन पर्समध्ये टाकला आणि आंबील दुसऱ्यांदा घेतली.

घरी आल्यावर एक वाचलेलं आठवलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, उपासमारीनं माणसाचं काय होतं ते बघायला. ती पोरं दिवसभर खाण्याचंच बोलायची, काहीजण तर चक्क पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. आणि मी स्वतःला हावरट समजत होते, अहो दिवसभर पोट मारल्यावर ते रात्री वसुलीला येणारच ना.

लगेच सगळं सुधारलं असं काही नाही, अजूनही दुसरी भाकरी घेताना हात जरा थबकतो. पण घेते, कधी अर्धीच खाऊन उठते, शेंगदाणे तर आता वरून जास्तीचे. काल पाहुणे आले म्हणून चिवड्याचा डबा काढला तर चिवडा सादळलेला, परत कढईत गरम करावा लागला.