हवेवरचा भार तारेवर: घरच्या नेटवर्कची नोंद

चार संगणक, प्रिंटर आणि फोन आता एकाच राऊटरवर आले आहेत. मुख्य बसवाबसवी झाली, म्हणून इथवरची नोंद.

राऊटर कोपऱ्यात जमिनीलगत होता, कारण मोडेमची तार तिथे येते. वायफायच्या दृष्टीने ती जागा वाईटच. लांब लॅन केबल टाकून तो घराच्या साधारण मध्यावर, उंच फळीवर नेला. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा वाटेत येणार नाही असं पाहिलं. सर्वांत आतल्या खोलीतला सिग्नल उणे ७८ डीबीएमवरून उणे ६२ वर आला. डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. हे माप लॉगरिदमचं आहे, १० चा फरक म्हणजे दहापट शक्ती. म्हणजे एक रुपयाचंही नवं यंत्र न आणता साधारण चाळीसपट सिग्नल मिळाला!

मोडेमही स्वतः राऊटरचं काम करत होता. अशाने डबल नॅट होतं, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचं काम दोनदा होतं, आणि बाहेरून घरातल्या संगणकापर्यंत पोहोचताना पोर्ट (आत येण्याची दारं) दोन ठिकाणी उघडावे लागतात. ओळखायची खूण सोपी: राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वर आणखी एक राऊटर बसलेला आहे. मोडेम ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राऊटरचं काम सोडून डेटा नुसता पुढे देण्यावर, टाकला आणि प्रश्न मिटला.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ दिला, ते. वायफायचा एक चॅनेल सगळ्यांत मिळून एकच असतो आणि त्यावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दूरचं, कमकुवत सिग्नलचं यंत्र हळू बोलतं. तेवढाच डेटा पाठवायला ते हवा जास्त वेळ अडवून ठेवतं आणि राऊटरशेजारचा संगणकही ताटकळतो. त्यामुळे आधी अँटेना वाढवण्यापेक्षा बोलणारे कमी करावेत, असं माझं ठाम मत आहे. जे जागचं हलत नाही ते तारेवर. दोन्ही डेस्कटॉप आणि प्रिंटर केबलवर घेतले, हवा लॅपटॉप आणि फोनसाठी मोकळी ठेवली.

एका डेस्कटॉपवर लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसत होता. शंभर एमबीपीएसला केबलमधल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट चालू राहतं आणि दोष लपून राहतो. टेस्टर लावला तर जुन्या केबलमधली एक तार खरंच तुटलेली. तिथे नवी कॅट ५ई टाकली. वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ मध्ये आकडा ९४ वरून ९४० एमबीपीएसच्या घरात गेला. गिगाबिट तारेवर यापेक्षा फारसं वर जाता येत नाही, डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्याचा, म्हणजे हेडरचा, खर्च त्यातूनच जातो.

२.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली आणि १, ६, ११ यांतला सगळ्यात शांत चॅनेल निवडला. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ घेतला तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो. ५ गिगाहर्ट्झवर डीएफएस चॅनेल, म्हणजे रडारसोबत वाटून घ्यायचा चॅनेल, चांगला मोकळा मिळाला. तिथे राऊटरला आधी रडार आहे का हे किमान ६० सेकंद ऐकावं लागतं, म्हणून रीस्टार्टनंतर ५ गिगाहर्ट्झचं नाव उशिरा दिसलं तर तो बिघाड समजू नये.

सुरक्षेचं थोडक्यात: वायफायच्या कुलपासाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र मोड, लांब पासवर्ड, ॲडमिनचा पासवर्ड बदललेला, फर्मवेअर (राऊटरमधलं सॉफ्टवेअर) ताजं. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही पळवाट २०११ पासून जगजाहीर आहे. प्रिंटरला डीएचसीपीमधून, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीतून, राखीव आयपी पत्ता दिला, आता तो संगणकांवरून गायब होत नाही.

राहिलं आहे ते बफरब्लोटचं, म्हणजे रांगेत डेटा साचून होणाऱ्या उशिराचं. एका संगणकावर बॅकअप वर चढू लागला की बाकीच्यांचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) उडतो, व्हिडिओ कॉल अडखळतो. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर चढवून केक ही रांग सांभाळणारी सोय लावणार आहे, अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगाच्या ९० टक्क्यांपासून सुरू करून. बॅकअप चालू ठेवून पिंग आधी आणि नंतर मोजेन, आकडे पुढच्या नोंदीत.