करडं डोंगराला तयार, अडलं ते लशीवर

उस्मानाबादी शेळीच्या करडाला माणसामागे, पुढे पाठीवर ओझं घेऊन, डोंगर चढायला शिकवणं फार अवघड नाही. मला अडवलं ते पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथरोगाच्या लशीनं, म्हणून आधी तेच सांगतो.

डोंगरवाटेवर आपली करडं गावोगावच्या कळपांत मिसळतात, एकाच पाणवठ्यात तोंड घालतात. पीपीआर श्वासातून, नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून पसरतो. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि लहान करडू बहुधा हातचं जातं. त्यामुळे लस टोचल्याशिवाय शिवाराबाहेर नेऊच नये. ती ३ महिन्यांनंतर टोचतात. आईला लस झालेली असेल तर ४ महिने थांबावं, कारण चिकातून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लस लागू पडू देत नाही.

वय बघून दोन्ही करडं दवाखान्यात नेली, तर "दोघांसाठी बाटली फोडता येत नाही" म्हणून परत पाठवलं. पुढच्या खेपेला लस संपलेली. त्यानंतर "मोहीम येईल तेव्हा बघू." नकार समजू शकतो, पण कारण कुणी सांगत नाही याची चीड अजून जात नाही. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि एका बाटलीत बहुतेकदा १०० मात्रा असतात. गार द्रावणात कालवली की साधारण दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. पहिल्याच दिवशी कुणी एवढं बोललं असतं तर सगळे हेलपाटे वाचले असते.

यावर तोड एकच, शेळ्या आपणच गोळा करायच्या. वस्तीवर फिरून यादी करा: मालकाचं नाव, मोठ्या शेळ्या किती, ३ महिन्यांवरची करडं किती, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर. बिल्ला नसेल तर तसं लिहा, म्हणजे त्याच दिवशी मारून घेता येतो. असा कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि तारीख लगेच मिळाली. वेळ सकाळची मागा, ऊन चढायच्या आत. लस बर्फाच्या डब्यातून आली का ते स्वतः बघा. १ मिली, कातडीखाली. तापातलं किंवा हगवण लागलेलं जनावर त्या दिवशी बाजूला ठेवा. जंताचं औषध आठ-पंधरा दिवस आधीच पाजलेलं बरं. टोचल्यावर दोन-तीन आठवडे परक्या कळपात सोडू नका, पुढे साधारण ३ वर्षं बघावं लागत नाही. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस वेगळी असते, पावसाळ्याआधी देतात. तीही त्याच यादीवर मागून घ्या.

थांबावं लागतं त्या दिवसांत घराभोवतीची शिकवणी उरकते. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे, मग बाटली. रोजचं दूध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, तीन-चार वेळा विभागून, कोमट. करडं दोनच घ्या, एकटं सारखं ओरडतं. हाक एकच ठरवा आणि आलं की चिमूटभर भरडा द्या. दावं ओढू नका: ओढलं की पुढचे दोन्ही पाय रोवून, मान आखडून उभं राहतं आणि त्या दिवसाची चाल तिथंच संपते. आपण चालत राहायचं, पाच-दहा पावलांत ते मागे येतं. डोक्यानं ढुशा द्यायचा खेळ मुलांना अजिबात खेळू देऊ नका, मोठा बोकड तोच खेळ माणसाशी खेळतो.

ओझ्याची घाई करू नका. पहिलं वर्ष पाठीवर रिकामी कापडी झोळी पुरे. खरं वजन २ वर्षांनंतर थोडं थोडं, पूर्ण वजन ३-४ वर्षांनी. ३५ किलोच्या बोकडाला ७ किलो ही हद्द, आणि दोन्ही बाजू काट्यावर तोलून सारख्या. एक बाजू जड झाली की झोळी सरकते आणि पाठ सोलते.

बालाघाटाच्या वाटांना घाणेरी भरपूर आहे, कण्हेर वस्त्यांजवळ. दोन्ही विषारी, तिथं दावं आखूड धरा. अभयारण्यात करडं नेऊ नका.

आणखी एक, खच्चीकरण ५-६ महिन्यांपर्यंत लांबवा. लवकर केलं तर मूत्रनळी अरुंद राहते, वर धान्य जास्त झालं की मुतखडा अडकतो. म्हणून भरडा चिमूटभरच, पाणी भरपूर. बोकड कुंथतोय आणि लघवी थेंब थेंब होतेय असं दिसलं, तर वेळ न घालवता १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन करा.