व्हीटी-डी: फॉल्ट ६ अखेर सापडला, पण मॅपिंगचं फंक्शन परत उघडलंय

व्हीटी-डी म्हणजे इंटेलचं आयओएमएमयू: उपकरणांनी मेमरीत कुठं वाचायचं-लिहायचं हे पत्त्यांच्या टेबलांवरून ठरवणारं युनिट. मागच्या वेळी क्यूएमूत (मशीनचं अनुकरण करणारं सॉफ्टवेअर) ई१०००ई नेटवर्क कार्ड त्याच्यामधून पॅकेट पाठवू लागलं होतं. तोच कर्नल खऱ्या डेस्कटॉपवर चढवला आणि पत्त्यांचं ट्रान्सलेशन चालू करताच फॉल्ट ६: वाचायची परवानगी नाही. पत्ता नेमका टीएक्स रिंगचा, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांच्या यादीचा. टेबल डंप केलं तर एन्ट्री जागच्या जागी, रीड-राइट दोन्ही बिटं १. वर छळ असा, की मॅप फंक्शनमध्ये प्रिंट टाकला की फॉल्ट गायब!

आयओटीएलबी (युनिटनं लक्षात ठेवलेली ट्रान्सलेशनं) ग्लोबल इन्व्हॅलिडेट, म्हणजे पूर्ण रद्द, करून पाहिला, फरक नाही. राइट-बफर फ्लश लागतो का पाहिलं, ते सांगणारा आरडब्ल्यूबीएफ बिट ०, म्हणजे नाही. शेवटी वैतागून मॅपनंतर डब्ल्यूबीइन्व्हडी (सीपीयूची सगळी कॅश रॅममध्ये लिहून रिकामी करणारी सूचना) ठोकली, आणि पिंगला उत्तर आलं! मग युनिटच्या क्षमता सांगणारं ईकॅप रजिस्टर छापलं. बिट ०, म्हणजे पेज-वॉक कोहेरन्सी: शून्य. या मशीनवरचं युनिट टेबल चालताना सीपीयूच्या कॅशमध्ये डोकावतच नाही, थेट रॅममधून वाचतं. डंप मात्र सीपीयू आपल्या कॅशमधून देणार, तो कायम बरोबरच दिसणार. प्रिंटच्या गडबडीत ती एन्ट्री असलेली कॅश-लाइन रॅममध्ये बाहेर पडायची, म्हणून फॉल्ट पळायचा. क्यूएमू कॅशचं अनुकरणच करत नाही, त्यामुळे तिथं हे जन्मात दिसलं नसतं. तरी व्हीटीडी ट्रेससाठी त्याला तोड नाही.

आता क्रम असा: एन्ट्री लिहा, सीएलफ्लश (तेवढीच लाइन रॅममध्ये ढकला), फेन्स (ते पुरं होईपर्यंत थांबा), मगच इन्व्हॅलिडेट. कोणत्या उपकरणाला कोणतं टेबल हे सांगणाऱ्या रूट आणि कॉन्टेक्स्ट टेबलांनाही हेच. नव्या टेबलात भरलेली शून्यंसुद्धा फ्लश करावी लागतात, नाहीतर युनिटला रॅममधला जुना कचरा दिसतो.

 

टेबलांची पानं अनकॅश्ड करायचा विचार होता, पण फिजमॅप (सगळ्या रॅमचं कर्नलमधलं मॅपिंग) २ एमबी पानांचा, तो फोडत बसावा लागेल. त्यापेक्षा ६४ बाइटच्या लाइनमध्ये ८ एन्ट्री बसतात, तर आयओव्हीए (कार्डाला दिसणारा पत्ता) आठ-आठ पानांच्या गटानं द्यावा आणि फ्लश एकदाच. हे लिहिता लिहिता सुचलं: आरएक्स (येणाऱ्या पॅकेटांच्या) बफरांचा पूल कायमचा मॅप ठेवला तर चालू वाटेवर फ्लशच नको. पण मग सोडलेल्या बफरवर कार्ड खुशाल लिहू शकेल, आणि एवढा खटाटोप तेच रोखण्यासाठी तर चाललाय. म्हणून आधी आठचा गट. एफईई००००० या हेक्स पत्त्यापासूनचा १ एमबी इंटरप्टचा पट्टा अ‍ॅलोकेटरमधून वगळलाय. पुढचा नंबर आरएमआरआरचा, म्हणजे बायोसनं ठराविक उपकरणांसाठी राखलेल्या मेमरीचा.