दोन लिटरची बाटली

माझ्याकडे पाहून कोणालाच वाटत नाही की मी दिव्यांग आहे. हातपाय शाबूत आहेत, चालते-फिरते, भाकरी थापते, मग तुला कार्ड कशाचं मिळालं असं गावातले बरेच जण तोंडावर विचारतात. मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस प्रकारचा, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही त्याचा दोष आलेला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय त्यात सिकलसेलपण आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या या गावात हे आशाताईंशिवाय कोणाला माहीतच नव्हतं.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात ना, त्या माझ्या अंगात विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात, मग हाडात जे दुखणं उठतं ते काय सांगू, हाड कोणी आतून पिळतंय असं वाटतं. थंडी लागली, ताप आला, जास्त दगदग झाली की उठतं. आणि अंगातलं पाणी कमी झालं की उठतं. म्हणून डॉक्टर दर वेळी एकच सांगतात, तहान नसली तरी पाणी पीत राहा.

आता खरी अडचण इथंच आहे. या आजारात किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, प्यायलं की थोड्या वेळात जावंच लागतं, रात्रीसुद्धा दोन-तीनदा उठावं लागतं. घरी ठीक आहे हो, पण वावरात? तुरीचं तास जवळ असलं तर आडोसा मिळतो. जुलैत सोयाबीन निंदायला गेलं की नजर जाईल तिथवर उघडं रान, बांधावर माणसं, रस्त्यानं गाड्या. बसमध्ये तेच, तालुक्याला जायचं म्हटलं की मी आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करायची. सगळ्याच बाया करतात असं, पण त्यांचं निभतं आणि माझं नाही निभत.

मागच्या डिसेंबरात कापूस वेचायला गेली होती. सकाळी दहिवरानं पऱ्हाटी ओलीचिंब, ओटी भरता भरता बोटं बधिर झाली, पदर ओला, आणि दोन लिटरची बाटली बांधावर जशीच्या तशी भरलेली. दुपारी मांडीत कळ आली न् मी पऱ्हाटीच्या तासातच खाली बसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काल तं चांगली हासत होती वं, आज काहून बसली?" काय सांगणार, काल खरंच बरं होतं. या दुखण्याचं हेच वाईट आहे, आपला बरा दिवसच लोकांना पुरावा वाटतो की हिला काही नाही. रात्री दवाखान्यात नेलं, सलाइन, इंजेक्शन, तीन दिवस. वेचणीची मजुरी किलोवर असते, ती बुडाली ते वेगळंच.

काकू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. मी कळवळून पलंगाची पट्टी धरलेली त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पाय चेपत बसल्या.

माझ्या भाचीलापण हेच निघालंय. ताई आणि भाऊजी दोघंही या आजाराचे वाहक आहेत, म्हणजे दोष रक्तात आहे पण त्यांना स्वतःला आजार नाही, अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला हा आजार व्हायचा 25 टक्के धोका असतो, लग्नाआधी तपासणी केली असती तर निदान माहीत तरी असतं. ती चौथीत आहे. वर्गात सारखं बाहेर जायला मागते म्हणून ओरडा बसायचा, तर तिनं बाटली नेणंच बंद केलं. मी शाळेत जाऊन सरांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी तिला दाराजवळ जागा दिली, आता विचारायचं नाही, उठून जायचं.

आणि आमच्या काकू आता वावरात दर तासाला मला हाक मारतात, "पेली का पानी? चाल मंग, मी लुगड्याचा आडोसा धरतो."