पान ६१ आणि वर जाणारी लिफ्ट

तीन आठवडे झाले त्या दिवसाला आणि अजून माझं ठरत नाहीये की त्या दिवशी मी काम केलं की चोरी. डोक्यातून जातही नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी पटकथा लिहितो. लोकांना वाटतं हे दिवसभर लिहीत बसतात. प्रत्यक्ष लिहिण्यात जेमतेम दोन तास जातात, बाकीचा दिवस भिंतीवरची कार्डं इकडची तिकडे करण्यात, आणि फारच अडलं तर सीनच्या हेडिंगमधलं 'रात्र' खोडून 'पहाट' करण्यात, म्हणजे आज काहीतरी केलं असं वाटतं. कुरियर फॉन्ट, बारा पॉइंट, एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा आमचा हिशोब असतो. त्यामुळे आपण प्रेक्षकाच्या नेमक्या कितव्या मिनिटाला अडकलोय ते कळतं. मी ६१व्या मिनिटाला अडकलो होतो, चांगले चार महिने.

गोष्ट एका रात्रीची. एक बाई लिफ्टमध्ये अडकते आणि एक मेकॅनिक तिला बाहेर काढतो. पान ६१ला इंटरव्हल, आणि निर्मात्याचं म्हणणं तिथे लिफ्ट कोसळलीच पाहिजे. निर्मात्यांना इंटरव्हलला काहीतरी कोसळलेलं लागतंच, इमारत, लग्न, काहीही चालतं. मी पाच ड्राफ्टमध्ये पाच तऱ्हांनी लिफ्ट पाडली. दोर तटातट तुटतायत, ठिणग्या उडतायत, आणि त्याच्या आधी बाईचं दीड पानाचं स्वगत, नवऱ्याबद्दल, रडत रडत. वाचताना मलाच जांभई यायची. बरं अभ्यास कमी होता असंही नाही, ढिगाने व्हिडिओ बघितले होते, काउंटरवेट, गव्हर्नर, सेफ्टी गिअर, सगळे शब्द जागच्या जागी. पण वाचलं की मॅन्युअल वाचल्यासारखं वाटायचं.

दिग्दर्शक म्हणाला तू विषयात शीर. हे सांगायला काय जातं, विषयात शिरायचं म्हणजे नेमकं कुठल्या दारातून ते कुणी सांगत नाही. मी आपला अंधाऱ्या बाथरूममध्ये तासभर बसून बघितलं, आत काय वाटतं ते कळेल म्हणून. कंटाळा आला, बाकी काही नाही.

शेवटी ओळखीतून एक लिफ्ट मेकॅनिक मिळाले. तीस वर्षं हेच काम. मी त्यांना काका म्हणायला लागलो, ते मला 'लेखक' म्हणायचे, त्यात आदर किती आणि गंमत किती ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक दिवस तुमच्याबरोबर राहू द्या म्हणलं. ते म्हणाले या, पण कशाला हात लावायचा नाही, आणि मी गप्प झालो की तुम्हीही गप्प.

गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो. दोन लिफ्टची दोन मशीनं, तेल आणि ग्रीसचा वास, आणि दर वेळी खाली कुणी बटण दाबलं की ब्रेक सुटल्याचा 'खट्' असा आवाज. दोन मिनिटांनी मी तो मोजायलाच लागलो. काका हातमोज्यांनी काहीतरी पुसत होते, म्हणलं आता संधी आहे, आणि मी माझा इंटरव्हल हातवारे करून नॅरेट केला, ठिणग्यांसकट. आम्हाला नॅरेशनची इतकी सवय असते की समोरच्याचा चेहरा दगड असला तरी आम्ही थांबत नाही.

पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत किती माणसं?"

"एक बाई."

"मग खाली कशी जाईल? वर जाईल."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण हिशोब सरळ आहे. दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, आणि त्या काउंटरवेटचं वजन म्हणजे रिकामी केबिन अधिक पूर्ण भाराच्या साधारण निम्मं. म्हणजे आत एकच माणूस असेल तर पलीकडची बाजू जड. ब्रेक गेला तर केबिन वर ओढली जाणार. आणि दोर तुटतील म्हणताय तर ते एक नसतो, चार-पाच असतात, एखादा गेला तरी बाकीचे धरतात. त्यातूनही वेग वाढलाच तर वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर सुटतो आणि केबिनखालचे जबडे रुळांना चावतात. लिफ्टचा सेफ्टी ब्रेक काढणाऱ्या ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला होता आणि तो होता तिथेच राहिला, हे मला माहीत होतं, एका ड्राफ्टमध्ये मेकॅनिकच्या तोंडी घातलंसुद्धा होतं. 'काउंटरवेट' हा शब्द माझ्या पटकथेत नऊ वेळा आहे, मोजला मी नंतर. नऊ वेळा लिहिला आणि त्याचं वजन एकदाही जाणवलं नाही.

पण वर जाणारी लिफ्ट! सहावा मजला, सातवा, आठवा, थांबतच नाहीये. चार महिने जे भिंतीवर डोकं आपटत होतो ते एका वाक्यात सुटलं, खिशातून वही काढायला हातसुद्धा सापडेना.

काका त्यांच्याच नादात. त्यांनी दोरांवरचे रंगाचे पट्टे दाखवले. वीज गेल्यावर हाताने चाक फिरवून केबिन हलवायची असते तेव्हा मशीन रूममधून केबिन दिसत नाही, मग हे पट्टे ठरलेल्या जागी आले की समजायचं केबिन मजल्याला लागली. आणि हे काम एकट्याचं नाही, एकाने ब्रेक दांड्याने उघडून धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं, तोंडाने 'सोड', 'धर'. हे असलं काही व्हिडिओत सापडत नाही हो.

आणि तेवढ्यात दुसऱ्या लिफ्टची घंटा वाजली. खरंच कुणीतरी अडकलं होतं.

मी हे पटकथेत लिहिलं असतं तर योगायोग म्हणून कुणीही खोडलं असतं, मीही.

माझा अंदाज होता काका मशीनकडे धावतील. ते जिने उतरून सहाव्या मजल्यावर गेले, बंद दारावर टकटक केलं. केबिन पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये, आत एक बाई, एकटीच. काका दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "ताई, मी आलोय. हवा भरपूर येते आत, गुदमरत नाही कुणी. दार ओढू नका, खाली बसा. आता दहा मिनिटं माझा आवाज येणार नाही, पण मी वर तुमचंच काम करत असेन. गाडी हलली तर घाबरू नका, मीच हलवतोय."

माझा आवाज येणार नाही हे आधी सांगून ठेवणं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी माझे सगळे ड्राफ्ट फाडायला तयार होतो.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथे उभे राहा आणि बोलत राहा," आणि हेल्परला घेऊन वर गेले.

बोलत राहा. संवाद लिहून पोट भरणाऱ्या माणसाला. मला एक वाक्य सुचेना! मी विचारलं, "बरं आहे ना?" ती म्हणाली हो. मग शांतता. मग मी विचारलं, "लाइट आहे का आत?" ती म्हणाली एक छोटा आहे. माझ्या बाईने एव्हाना अर्धं स्वगत उरकलं असतं. ही रडत नव्हती, ओरडत नव्हती, वैतागली होती फक्त.

मग आपणहून बोलली. "आज यायचंच नाही असं ठरवलं होतं मी. आता उशीर झाला. लिफ्टमध्ये अडकले म्हणून सांगितलं तर कुणाला खरं वाटतं का?"

आणि मी फोन काढला आणि ते टाइप केलं. तिचं वाक्य, शब्द न् शब्द, आधी 'यायचंच' होतं की 'यायचं' हे आठवून दुरुस्त पण केलं. त्या वेळात मी तिच्याशी बोलत नव्हतो. तिने "ऐकताय ना?" विचारलं. मी तेही टाइप केलं आणि मग हो म्हणलं.

केबिन हळूहळू वर सरकली. काका खाली आले, त्रिकोणी किल्लीने दार उघडायच्या आधी माझ्या हातातल्या फोनकडे एकदा बघितलं. बोलले काही नाहीत. बाई बाहेर आली, थँक्यू म्हणाली काकांना, पर्स सावरली, आणि जिन्याने खाली गेली. वर नाही. जिथे जायला निघाली होती तिकडे गेलीच नाही.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी अठरा पानं लिहिली, माझ्या मानाने हे अचाटच आहे. लिफ्ट वर जाते, मेकॅनिक आवाज येणार नाही म्हणून सांगतो, स्वगत उडालं, तिथे तिची ती तीन वाक्यं. आणि सुटल्यावर बाई खाली उतरते. दिग्दर्शक नाचला. निर्माता म्हणाला कोसळत नाही पण चालेल, फक्त वर कोण होतं ते दाखवा. मी नवरा लिहून बघितला, वडील लिहून बघितले, इंटरव्ह्यू लिहून बघितला, प्रत्येक वेळी सीन परत जुन्या ड्राफ्टसारखा वास मारायला लागला. मला माहीत नाही वर कोण होतं. तिची वाक्यं बदलून स्वतःची करायचा पण प्रयत्न केला, प्रामाणिकपणाचा झटका आला होता, ती लगेच माझ्यासारखी बोलायला लागली.

काल तांत्रिक चूक राहू नये म्हणून काकांना फोनवर तो सीन वाचून दाखवला. ब्रेक, चाक, पट्टे, सगळं बरोबर म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइन गेली.

"दाराशी तो एक माणूस उभा होता, तो कुठेय?"

म्हणलं कोण?

"मोबाइलवाला," ते म्हणाले.