टोमॅटो बंद, दूध बंद, आणि लिव्हरचं काय?

आमच्या बेळगावात कुणाला मुतखडा झाला की पहिला बळी टोमॅटोचा जातोय बघा. मग वांगं, मग पालक, आणि मग कोण तरी शहाणा सांगतो की दूध-ताक पण सोड, खडा कॅल्शियमचाच असतोय की. आमचे भावजी उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, त्यांना दुसऱ्यांदा खडा झाला तसं ताईनं टोमॅटो घरात आणायचाच बंद केला, शेजारच्या काकींनी बाळेदिंडूचा, म्हणजे केळीच्या खांबातल्या गाभ्याचा, रस सुरू करायला लावला, आणि भावजी मात्र भट्टीसमोर घाम गाळून दिवसभरात जेमतेम एक बाटली पाणी पिणार! ह्याच्यावरनं घरात वादावादी झाली म्हणून मी हे सगळं जरा नीट वाचून काढलं.

बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्सलेट नावाचा पदार्थ एकत्र येऊन होतात. टोमॅटोत हे ऑक्सलेट अगदी थोडं असतंय, एका टोमॅटोत काही मिलिग्रॅम. शिजवलेल्या पालकाच्या वाटीत ते शेकड्यानं असतंय, म्हणजे पालक सोडला तर समजू शकतो. पण लघवीतनं जाणारं ऑक्सलेट सगळं ताटातनं येत नाही, माणसागणिक आणि खाण्यागणिक फरक पडतो पण साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त आपलं शरीरच तयार करतंय आणि त्यातलं बहुतेक लिव्हर. हे आपल्याकडं कोण सांगतच नाही.

होतंय असं की लिव्हरच्या पेशींत ग्लायकोलेट नावाचा पदार्थ असतो, त्याचं एक एन्झाइम ग्लायऑक्सिलेट करतंय, आणि इथं फाटा फुटतो. एजीटी नावाचं दुसरं एन्झाइम ह्या ग्लायऑक्सिलेटला ग्लायसीनच्या वाटेला लावतंय, ग्लायसीन म्हणजे साधं अमिनो अॅसिड, त्याचा काही त्रास नाही. जे ह्या वाटेनं जात नाही त्यातल्या काहीचं एलडीएच हे एन्झाइम ऑक्सलेट करून टाकतंय. ऑक्सलेटचा शरीराला काडीचा उपयोग नाही, ते मोडायला माणसाकडं एन्झाइमच नाही, त्यामुळं किडनीनं बाहेर टाकायचं एवढंच. आणि लिव्हरचा नेहमीचा रिपोर्ट काढला तर तो एकदम नॉर्मल येणार, त्यात ह्यातलं काही दिसत नाही.

आता लिव्हरचं हे काम कमी कसं करायचं? पूर्ण थांबवता येत नाही. हाडं-कातडीतलं कोलॅजन रोज थोडं मोडतंय, त्यातनं हायड्रॉक्सिप्रोलिन सुटतंय आणि त्याचं पण शेवटी थोडं ऑक्सलेट होतंय, त्याला इलाज नाही. पण वरनं भर घालायची की नाही ते आपल्या हातात आहे. चेहरा चमकायला म्हणून डब्यातनं मिळणारी कोलॅजन पावडर, जिलेटिन, हे खडेवाल्यांनी टाळलेलं बरं. पायाचा रस्सा पण त्यातलाच, कधीतरी रविवारी खाल्ला तर काय आभाळ कोसळत नाही, पण ताकद येते म्हणून रोज प्यायचं काम नाही.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हिटॅमिन सी. कोरोनापासनं लोकांना त्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्यांची सवयच लागलीय, आणि शरीरात सी मोडतंय तेव्हा त्याचं थोडं ऑक्सलेट होतंय. स्वीडनमधल्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात सीच्या गोळ्या घेणाऱ्यांना खड्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. ताईला विचारलं तर भावजींना रोज सकाळी १००० मिलिग्रॅमची गोळी पाण्यात विरघळवून चाललीच होती, इम्युनिटीसाठी! टोमॅटो बंद आणि ही चालू. पेरू, आवळा, लिंबू खाऊन एवढा डोस होत नाही, ते खावा की. लिंबात तर सायट्रेट असतंय, ते खडा बनायला आडवं येतंय.

एजीटीला काम करायला बी-६ लागतंय, ते कमी पडलं की ऑक्सलेट वाढतंय. केळी, हरभरे, बटाटा, मासे, चिकन ह्यातनं ते मिळतंय. जास्त पॉवरच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, बरेच महिने घेतल्या तर हातापायाच्या नसा खराब होऊ शकतात.

दुधाचं तर आपण उलटंच करतोय. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतंय आणि ते संडासवाटे जातंय. ताकातलं अळू करणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं पण करत होत्या बरोबर. पालेभाजी उकळून पाणी फेकून दिलं तरी बरंच ऑक्सलेट निघून जातं. कुंद्याला भ्यायचं कारण नाही, तो दुधाचाच (शुगरवाल्यांनी आपलं बघावं), गोकाकच्या करदंटात मात्र काजू-बदाम असतात, त्यांत ऑक्सलेट बरंच, हात जरा आवरता घ्या. मीठ कमी, कारण मिठानं लघवीतलं कॅल्शियम वाढतंय. आणि पाणी इतकं की दिवसाची लघवी अडीच लिटर व्हायला पाहिजे. पाण्यानं लिव्हर ऑक्सलेट कमी बनवत नाही हं, फक्त ते पातळ होऊन जातंय.

एक गोष्ट गंभीर आहे. काही मुलं जन्मतःच एजीटी बिघडलेलं घेऊन येतात, प्रायमरी हायपरऑक्सल्युरिया टाइप १. दोष आईकडनं आणि बापाकडनं, दोन्हीकडनं आला तरच आजार होतोय, आणि आपल्या ह्या भागात मामाच्या मुलीशी लग्न, काही घरांत तर भाचीशी पण, अजून सर्रास चालतंय, त्यामुळं ती शक्यता वाढते. लहान पोराला खडा झाला किंवा भावंडांना वारंवार होतोय तर नुसता खडा काढून गप्प बसू नका, किडनीच्या डॉक्टरला दाखवा. ह्या आजारात नुसती किडनी बदलली तर जुनं लिव्हर नव्या किडनीची पण तीच गत करू शकतंय, म्हणून लिव्हर पण बदलायची वेळ यायची. काही जणांना बी-६ चा चांगला गुण येतो. २०२० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात लुमासिरान नावाच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, ते ग्लायऑक्सिलेट करणारं एन्झाइमच बनू देत नाही. पण भयंकर महाग.

भावजींना डॉक्टरांनी चोवीस तासांच्या लघवीची टेस्ट सांगितलीय, ऑक्सलेट साधारण ४०-४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी कॅनमध्ये. ते म्हणतात सुट्टीच्या दिवशी करतो. पण सुट्टीला घरी बसून ताक पीत केलेल्या टेस्टमध्ये भट्टीवरचा दिवस कसा दिसणार? ड्युटीच्याच दिवशी करायला पाहिजे. कॅन घेऊन फाउंड्रीत जायला लाजतायत, ताईनं त्यासाठी रेक्झिनची मोठी पिशवी शोधून ठेवलीय.